बाळाचे डोके चपटे वाटते तेव्हा: वाट पाहावी, व्यायाम करावेत की हेल्मेट घ्यावे?

बाळ दोन-अडीच महिन्यांचे होते, जावळ अजून विरळ असते, आणि एके दिवशी न्हाऊ घालताना लक्षात येते की डोक्याची मागची एक बाजू तळहाताला सपाट लागते आहे. मग घरात मतांतरे सुरू होतात. आजी राईची उशी आणायला सांगते, मालिशवाल्या मावशी महिन्याभरात डोके गोल करून देण्याची हमी देतात, ओळखीतल्या कुणाच्या तरी बाळाला डोक्याचा आकार सुधारण्यासाठी हेल्मेट बसवलेले असते, आणि लसीकरणाच्या रांगेत घाईत असलेले डॉक्टर म्हणतात की आपोआप भरून येईल. यांतले शेवटचे मत बहुतेक बाळांच्या बाबतीत खरे ठरते. मात्र या बहुतेकांत आपले बाळ आहे की नाही, हे पडताळून पाहता येते, आणि ते ठराविक वयातच पाहावे लागते.

ती मुदत आधी सांगते, कारण मुंबईत ती हुकते कशी हे मी स्वतः अनुभवले आहे. जन्मतः सुमारे ३५ सेंटीमीटर असलेला डोक्याचा घेर पहिल्या तीन महिन्यांत दरमहा साधारण २ सेंटीमीटरने, पुढच्या तीन महिन्यांत दरमहा १ सेंटीमीटरने आणि नंतरच्या सहा महिन्यांत दरमहा जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरने वाढतो. व्यायाम असो, कूस बदलणे असो किंवा हेल्मेट असो, आकार सुधारतो तो या वाढीच्या बळावरच. म्हणून निर्णयाचा खरा काळ चौथ्या ते आठव्या महिन्याचा. सरकारी लसीकरणाच्या तक्त्यात मात्र ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसींनंतर पुढची भेट एकदम नवव्या महिन्यात येते. बाळ आजारी पडले नाही, तर या मधल्या काळात त्याचे डोके कुणीही जाणकार पाहत नाही. यासाठी १४ आठवड्यांच्या लसीच्या दिवशीच, सहा आठवड्यांनंतरची एक वेगळी तारीख केवळ डोके आणि मान तपासण्यासाठी मागून घ्यावी.

पहिली पायरी: आकार नीट पाहणे

बाळाचे केस ओले करून चापून बसवावेत, त्याला मांडीवर सरळ धरावे आणि दुसऱ्या कुणीतरी बरोबर वरून, नाकाचा शेंडा आणि दोन्ही कान दिसतील असा फोटो काढावा. शाळेच्या भूमितीतले दोन शब्द येथे फार उपयोगी पडतात. एका बाजूवर झोपून आलेल्या चपटेपणात डोके वरून समांतरभुज चौकोनासारखे दिसते: मागची उजवी बाजू सपाट असेल तर उजवा कान पुढे सरकलेला असतो आणि उजवे कपाळही किंचित पुढे आलेले असते, जणू त्या बाजूची सगळी कवटी मागून पुढे ढकलली गेली आहे. यालाच डॉक्टर पोझिशनल प्लेजिओसेफली म्हणतात. मागचा भाग दोन्ही बाजूंनी सारखाच सपाट असून डोके कानांच्या वर रुंद दिसत असेल, तर त्याला ब्रॅकिसेफली म्हणतात. त्यात कान एका रेषेत राहतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे डोके पुष्कळदा याउलट लांबट आणि अरुंद होते.

डोके वरून समलंब चौकोनासारखे दिसत असेल, म्हणजे मागची एक बाजू सपाट आहे पण त्या बाजूचा कान पुढे न जाता मागे आणि खाली ओढलेला आहे, तर थांबू नये. हे कवटीची शिवण वेळेआधी जुळल्याचे लक्षण असू शकते. बाळाच्या कवटीची हाडे एकमेकांना लवचिक शिवणींनी जोडलेली असतात; एखादी शिवण लवकर सांधली, तर त्या दिशेची वाढ थांबते आणि डोके दुसरीकडे फुगते. क्रेनिओसिनोस्टोसिस नावाचा हा विकार साधारण दोन ते अडीच हजार बाळांत एकाला होतो. त्यातही मागची शिवण बंद होणे दुर्मीळ आहे. डोक्याच्या मधोमध जाणारी शिवण बंद होऊन डोके होडीसारखे लांबट होणे, किंवा कपाळावरची शिवण बंद होऊन कपाळ त्रिकोणी दिसणे अधिक आढळते.

शिवणीवर बोट फिरवल्यावर कडक, उंच कड लागणे, वाकडेपणा जन्मापासूनच असून वाढत जाणे, टाळू फार लवकर मिटणे, डोक्याचा घेर वाढीच्या तक्त्यावरील आपली रेषा सोडून वर किंवा खाली जाणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जावे. टाळू फुगलेली राहणे, सतत उलट्या होणे किंवा बाळ मलूल पडणे यासाठी तर त्याच दिवशी जावे. शिवण खरोखर जुळलेली असेल तर त्यावर शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि दुर्बिणीतून होणारी लहान शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांतच शक्य असते. याउलट साध्या चपटेपणासाठी क्ष-किरण किंवा सीटी स्कॅन लागत नाही. अनुभवी डॉक्टर हाताने आणि नजरेने निदान करतात. शंका उरली तर शिवणींची सोनोग्राफी, आणि त्यानंतरही गरज वाटली तरच स्कॅन, असा क्रम योग्य आहे.

प्रसूतीच्या वेळी, विशेषतः व्हॅक्यूम किंवा चिमटा लावला असल्यास, आलेला लांबुळकेपणा वेगळा. तो साधारण सहा आठवड्यांत जातो.

दुसरी पायरी: डोक्याआधी मान

माझ्या मते हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि हीच सर्वाधिक वगळली जाते. माझा मुलगा साडेतीन महिन्यांचा असताना आम्ही एका दवाखान्यात गेलो. तेथे त्याच्या डोक्याचे स्कॅनिंग झाले, पडद्यावर रंगीत आकृती आली आणि पंधरा मिनिटांत हेल्मेटचे खर्चाचे पत्रक हातात पडले. त्याच्या मानेला कुणी हातही लावला नव्हता. पुढे फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच भेटीत दाखवून दिले की त्याची हनुवटी डाव्या खांद्यापर्यंत जाते, उजवीकडे मात्र मध्येच अडते.

मानेच्या बाजूने कानामागून गळपट्टीच्या हाडाकडे येणारा स्नायू एका बाजूला आखडलेला असला, तर बाळाला एकाच दिशेला पाहणे सोपे जाते. त्याला टॉर्टिकॉलिस म्हणतात. उजवीकडचा स्नायू आखूड असेल तर डोके उजव्या खांद्याकडे कलते, चेहरा डावीकडे वळतो आणि झोपेत भार मागच्या डाव्या बाजूवर येऊन तीच बाजू सपाट होते. घरी पाहायचे तर बाळाला उताणे ठेवून खांदे अलगद धरावेत आणि खुळखुळा एका बाजूकडून दुसरीकडे न्यावा; दोन्हीकडे चेहरा सारखा वळतो का, की एका बाजूला बाळ अंगच फिरवू पाहते, हे लगेच कळते. पहिल्या काही आठवड्यांत त्या स्नायूत छोटी गाठही हाताला लागू शकते. टॉर्टिकॉलिस आढळल्यास डॉक्टरांना बाळाचे खुब्याचे सांधेही तपासायला सांगावे, कारण हे दोन्ही दोष काही बाळांत एकत्र असतात.

मानेचे ताण देण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिकूनच करावेत. चित्रफिती पाहून मान वळवू नये, आणि बाळ रडून विरोध करत असताना तर कधीच नाही. ते दिवसातून अनेकदा, दुपटे बदलताना, थोडे थोडे करायचे असतात. जितक्या लहान वयात सुरुवात होते तितका गुण लवकर येतो.

तिसरी पायरी: सहा ते आठ आठवडे घरी

शिवणीचा दोष नाही हे ठरले की चार महिन्यांखालील प्रत्येक बाळासाठी उत्तर एकच आहे: झोपताना उताणे, जागेपणी शक्य तितके उताणे नाही.

झोपेबाबत तडजोड नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ मध्ये बाळांना पालथे झोपवू नये असा सल्ला दिला आणि १९९४ पासून त्याची मोठी मोहीम झाली. त्यानंतर तेथील झोपेतले अकस्मात बालमृत्यू निम्म्याहून खाली आले. डोक्याचा चपटेपणा तेव्हापासून अधिक दिसू लागला हे खरे, पण त्यासाठी बाळाला पालथे किंवा लोडाला टेकवून कुशीवर झोपवणे हा उपाय होऊ शकत नाही.

करायचे काय, तर बाळाला त्या सपाट बाजूवरून आपणहून मान वळवावीशी वाटेल अशी मांडणी करायची. आमच्या खोलीला एकच खिडकी. पलंग भिंतीला चिकटून, त्यामुळे मुलगा रात्रंदिवस खिडकीकडे, म्हणजे एकाच बाजूला पाहत पडलेला असे. मुंबईतल्या एका खोलीत पलंग हलवायला जागा नसते, पण बाळाचे डोके उशाकडून पायथ्याकडे करता येते. तेवढ्यानेच खिडकी आणि आईचा आवाज दुसऱ्या बाजूला येतात. बाळाची ओढ नेमकी कशाकडे आहे, पंख्याकडे, टीव्हीच्या उजेडाकडे की स्वयंपाकघरातल्या आवाजाकडे, हे दोन दिवस निरखून मग दिशा ठरवावी. पाळण्यावरचे चिमणाळेही गोल बाजूला टांगावे. बाटलीने दूध देत असाल तर हात बदलावा. खांद्यावर घेताना रोज एकच खांदा वापरला जातो का तेही पाहावे.

पालथे घालण्याची वेळ जागेपणीच, मोठ्या माणसाच्या नजरेखाली, दूध पाजल्यावर थोडे थांबून. सुरुवातीला दोन-तीन वेळा ३ ते ५ मिनिटे पुरतात. हळूहळू दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे व्हावीत असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. आपल्याकडे हे काही परके नाही. मालिशवाल्या मावशी पाय पसरून बाळाला नडगीवर पालथे घेऊन पाठ चोळतात, तेव्हा बाळ नेमका हाच व्यायाम करत असते. मावशींना विश्वासात घेऊन तो वेळ थोडा वाढवायला सांगावे. जमिनीवर रडणारे बाळ आईच्या किंवा बाबांच्या छातीवर पालथे आनंदाने राहते, आणि तेही मोजले जाते. कारसीट, झुलती खुर्ची, बाबागाडी यांत प्रवासाच्या गरजेपुरतेच ठेवावे, कारण त्यांतही भार मागच्या बाजूवरच येतो.

आता राईच्या उशीविषयी. ज्या मायेने आजी ती शिवते तिचा मला पूर्ण आदर आहे, तरीही झोपेत ती देऊ नये असेच मी सांगेन. वर्षाखालील बाळाच्या अंथरुणात उशी असली तर मान पुढे वाकण्याचा, तोंड त्यात दबण्याचा आणि श्वास अडण्याचा धोका असतो. डोक्याला आकार देणाऱ्या बाजारी उशा वापरू नयेत असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला, तो याच कारणाने. झोळीतही बाळाची हनुवटी छातीला टेकते, म्हणून रात्रीची झोप सपाट, टणक गादीवरच असावी. डोके दाबून गोल करण्याचा प्रयत्न मात्र मावशींना स्पष्टपणे नाकारावा. रोज काही मिनिटे दाबल्याने अनेक तासांच्या भाराचा परिणाम पुसला जात नाही, आणि टाळूवर जोर पडणे धोक्याचे आहे. टाळूवर अलगद तेल लावल्याने आकारात काही फरक पडत नाही.

चौथी पायरी: मोजमाप, आणि तेही दोनदा

एका फोटोवरून किंवा एका स्कॅनवरून निर्णय घेऊ नये. आकार किती बिघडला आहे याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तो कोणत्या दिशेने जातो आहे याला महत्त्व आहे. घरी दर दोन आठवड्यांनी तसाच वरून फोटो काढून तारखेसह ठेवावा. दवाखान्यात कॅलिपरने (दोन टोकांतले अंतर मोजणाऱ्या चिमट्यासारख्या साधनाने) किंवा स्कॅनरने डोक्याचे दोन तिरपे कर्ण मोजतात. समजा एक १४० मिलिमीटर आणि दुसरा १३० मिलिमीटर आला, तर १० मिलिमीटरचा फरक मोठ्या कर्णाने भागून शंभराने गुणल्यावर सुमारे ७.१ टक्के येतात. प्रचलित श्रेणीनुसार ३.५ टक्क्यांपर्यंतचा फरक सामान्य धरतात, ६.२५ पर्यंत सौम्य, ८.७५ पर्यंत मध्यम, ११ पर्यंत तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र. काही ठिकाणी लहान कर्णाने भागतात, त्यामुळे आकडा थोडा बदलतो. दोन्ही मोजमापे एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने करून घ्यावीत आणि मिलिमीटरमधले मूळ आकडे लिहून मागावेत.

आकडा हाती नसेल तर नजरेनेही तीव्रता ओळखता येते. केवळ मागची बाजू सपाट असेल तर सौम्य. कानही सरकला असेल तर त्याहून अधिक. कपाळ पुढे आले, आणि त्यापुढे गाल व डोळा यांतही दोन बाजूंत फरक दिसू लागला, तर बदल चेहऱ्यापर्यंत पोहोचला आहे असे समजावे.

पाचवी पायरी: हेल्मेट घ्यावे का?

हेल्मेट डोके दाबून गोल करते हा गैरसमज आहे. ते पुढे आलेल्या भागाला टेकून राहते आणि सपाट भागावर मोकळी जागा सोडते, म्हणजे वाढ त्या जागेकडे वळते. त्यामुळे चार महिन्यांआधी त्याची घाई करू नये आणि वर्षानंतर त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

त्याच्या उपयोगाविषयी पालकांना दोन्ही बाजू माहीत असाव्यात. नेदरलँड्समध्ये ५ ते ६ महिन्यांच्या, मध्यम ते तीव्र चपटेपणा असलेल्या ८४ बाळांवर झालेली चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या बाळांना हेल्मेट दिले, निम्म्यांना नाही. दोन वर्षांच्या वयात पूर्ण बरी झालेली बाळे अनुक्रमे २६ आणि २३ टक्के होती, म्हणजे फरक जवळजवळ नव्हता, आणि हेल्मेट घातलेल्या प्रत्येक बाळाच्या पालकांनी काही ना काही त्रास नोंदवला. पण त्या चाचणीत अतितीव्र वाकडेपणाची, टॉर्टिकॉलिसची आणि अपुऱ्या दिवसांची बाळे घेतलेली नव्हती, आणि हेल्मेट नीट न बसण्याच्या तक्रारीही बऱ्याच होत्या. दुसरीकडे, अमेरिकेतील न्यूरोसर्जनांच्या संघटनेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की नुसत्या स्थितिबदलापेक्षा, म्हणजे बाळाची कूस आणि दिशा बदलत राहण्यापेक्षा, फिजिओथेरपी सरस आहे, आणि त्यानंतरही मध्यम ते तीव्र वाकडेपणा राहिला किंवा बाळाला उपचारासाठी उशिरा, मोठ्या वयात आणले तर हेल्मेटचा विचार करावा.

या दोन्हींवरून माझी समजूत अशी झाली आहे. सौम्य प्रकारात हेल्मेट घेऊ नये. मध्यम प्रकारात पाच-सहा महिन्यांच्या वयात दुसरे मोजमाप सुधारलेले असेल तर तेच उपाय चालू ठेवून महिन्याने पुन्हा मोजावे. आकडा जागचा हलला नसेल आणि मानेवरचे उपाय मनापासून झाले असतील, तर हेल्मेटविषयी तज्ज्ञांशी बोलावे. तीव्र प्रकारात, विशेषतः कपाळ आणि चेहरा बदलला असल्यास, सहाव्या महिन्यापुढे वाट पाहण्यात वेळ दवडू नये. दोन्ही बाजूंनी सपाट असलेल्या डोक्याबाबत अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात, आणि घरातल्या मोठ्यांची डोकीही पाहून घ्यावीत. काही रुंदी घराण्याचीच असते.

न्यूझीलंडमध्ये २०० बाळांचा दोन वर्षे मागोवा घेतला तेव्हा चौथ्या महिन्यात सुमारे २० टक्के बाळांत असलेला आकारातील दोष वर्षाच्या वयात सुमारे ७ आणि दोन वर्षांच्या वयात सुमारे ३ टक्के बाळांत उरला होता. हे वाचून धीर यावा, कारण बाळ वळू लागले, पालथे पडू लागले, बसू लागले की मागच्या बाजूवरचा भारच संपतो. या चपटेपणाने मेंदू दबत नाही. अशा काही बाळांची हालचालीतली प्रगती थोडी मागे असल्याचे आढळते, पण ज्या बाळाची हालचाल कमी ते एकाच जागी अधिक पडून राहते, हेही त्याचे कारण असू शकते. म्हणून मान धरणे, कुशीवर वळणे, दोन्ही हात सारखे वापरणे याकडे लक्ष द्यावे आणि उशीर वाटल्यास तो वेगळा विषय म्हणून डॉक्टरांसमोर मांडावा.

हेल्मेट ठरलेच तर

मुंबईत आधी हवेचा विचार करावा. हेल्मेट रोज सुमारे २३ तास, साधारण तीन ते सहा महिने घालायचे असते, आणि एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरमधल्या दमट उकाड्यात डोक्यावर घामोळे येणे अगदी स्वाभाविक आहे. सुरुवात थोड्या तासांपासून करून वेळ वाढवत नेतात. अंघोळीच्या तासाभरात हेल्मेट आतून पुसून पूर्ण वाळवावे, डोके कोरडे करावे, आणि या काळात डोक्याला तेल किंवा पावडर लावू नये. काढल्यावर दिसणारी लाली तासाभरात गेली नाही, तर ते पुन्हा न घालता दवाखान्याला कळवावे.

पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी लेखी घ्याव्यात: मोजमाप कोण करणार, दर एक-दोन आठवड्यांनी हेल्मेट घासून जुळवून देण्याचे शुल्क किमतीत धरलेले आहे का, डोके वाढून ते लहान पडले तर दुसऱ्याचे पैसे कोण देणार, आणि कोणत्या आकड्यावर किंवा तारखेला उपचार थांबवायचे. केंद्र घरापासून किती लांब आहे हेही तितकेच पाहावे. विरार किंवा कल्याणहून दर पंधरवड्याला तान्ह्या बाळाला लोकलने न्यावे लागणार असेल तर भेटी चुकतात, आणि न जुळवलेले हेल्मेट निरुपयोगी ठरते.

हेल्मेट विकणाऱ्या जागेबाहेरचे एक मत अवश्य घ्यावे. परळचे बाई जेरबाई वाडिया हे लहान मुलांचेच रुग्णालय आहे. महापालिकेच्या केईएम, शीवचे लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचे नायर या रुग्णालयांत बालरोग, न्यूरोसर्जरी आणि फिजिओथेरपी हे विभाग एकाच आवारात मिळतात. हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत कृत्रिम अवयव आणि आधारसाधने बनवणारा विभाग आहे. रांग लागते, म्हणून सकाळी लवकर केसपेपर काढावा. बरोबर जन्माच्या वेळचा घेर नोंदलेले डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचे कार्ड, तारखांसह फोटो आणि दोन्ही मोजमापांचे आकडे न्यावेत, आणि डॉक्टरांनी काही सांगण्याआधीच बाळाची मान दोन्ही बाजूंना वळवून पाहण्याची विनंती करावी.